अर्धलीच्या शेळ्या

येडशी,
९ ऑगस्ट २०२४

आदरणीय फरिदाचाची,
सलाम.

शेळ्या आल्या. काल संध्याकाळी कळंबच्या बाजारातून टेम्पो दारात येऊन थांबला आणि सगळी गल्ली गोळा झाली. दहा शेळ्या, एक बोकड. एक भुरी सोडली तर सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. महामंडळाचे उमाशंकर साहेब सोबत होते. त्यांनी प्रत्येकीच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला ठोकून घेतला आणि भिंतीवर पाटी लावली. तिच्यावर लाभार्थी म्हणून माझं नाव आहे. मग म्हणाले, “एक शेळी उचलून धरा, फोटो पाठवायचाय. जरा हसा की ताई, सरकारला वाटायला पाहिजे योजना पोचली.” मी हसले. तेवढ्यात शेळीनं माझ्या पदराचं टोक चावायला घेतलं. आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या, “सूनबाई, लग्नात हसली न्हाईस एवढी शेळीसंगं हसायलीस!”

चाची, रणधीर वारला, माझं कुंकू गेलं, तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलं असेल तर ते काल.

बँकेनं कर्ज दिलंय. हप्ते वेळेवर गेले की व्याज महामंडळ भरणार आणि तीन वर्षं नीट चाललं तर काही भाग सूट. माझ्यासारख्या बिननोकरीच्या बायांसाठीच योजना आहे, पण जामीन मात्र नोकरीवालाच लागतो. साजिदभाईंनी सही केली म्हणून माझी फाइल पुढं गेली. त्याच दिवशी रांगेत माझ्यामागं आत्याबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या मथुराबाई उभ्या होत्या. आपल्याकडच्या वाशीच्या पुढं माळावर वस्ती आहे त्यांची. एकट्याच आहेत. त्यांना जामीन मिळाला नाही, फाइल तशीच हातात परत आली. त्या म्हणाल्या, “माझ्या वळखीत पगार घेणारा माणूसच न्हाय गं बाई. सगळी माझ्यासारखीच.” आणि हसून गेल्या.

साजिदभाईंना आणि अलिजाभाभींना माझा सलाम सांगा. त्यांच्या सहीला मी कमीपणा येऊ देणार नाही.

तुमची,
निकिता

•

सोलापूर,
२५ ऑगस्ट २०२४

प्यारी निकिता,
खूप खूप दुआ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोन करत जाऊ नकोस, बेटा. मला आता फोनवर नुसती घरघर ऐकू येते. अलिजा कानाशी ओरडून सांगते आणि त्यातलं निम्मं स्वतःच गाळते. मोबाइलवर काही पाठवलंस तर माझ्याआधी सगळं घर वाचतं. पत्र आलं की ते माझं असतं. तीस वर्षं येडशीच्या शाळेत पोरांची अक्षरं तपासली, तुझं अक्षर अजून तसंच आहे. उजवीकडं कलणारं.

साजिदनं सही सुखासुखी केली नाही, हे तुला कळलेलं बरं. अलिजा म्हणाली, “अम्मी, सगळ्या जिल्ह्यात जामीन राहायला आपणच सापडलो?” मी साजिदला सांगितलं, सही तुझी असली तरी जबान माझी आहे. ही पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. तिच्या आईनं माझी दोन बाळंतपणं काढली. मग त्यानं पेन उचललं.

म्हणून म्हणते, जपून राहा. जनावर आपल्यासारखंच असतं, आज बरं तर उद्या आजारी. काही झालं तर लपवू नकोस. सगळं लिही.

तुझी,
फरिदाचाची

•

येडशी,
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय चाची,

सगळं लिही म्हणालात म्हणून लिहिते.

दिवाळीच्या आधी आत्याबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलंय. पडूनच आहेत. त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा मी लागते. शेळ्या घेऊन बाहेर पडायचं म्हटलं तर दार उघडं टाकून जावं लागतं. आणि जायचं तरी कुठं? रामलिंगच्या जंगलात चराई बंद. वनरक्षकानं दोनदा हाकललं, आता म्हणतो शेळ्या कोंडीन. विकतचा चारा मला झेपत नाही. शेळ्यांची हाडं दिसायला लागलीत. चार गाभण आहेत, त्यांच्याकडं बघवत नाही.

मथुराबाई बातमी ऐकून आल्या आणि आठवडाभर राहिल्या. आत्याबाईंचं सगळं केलं, शेळ्यांचंही केलं. गोठ्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, “ह्यांना बांधून बांधून मारतीस व्हय गं? आमच्या माळावर बघ, नुसती बाभळ न् बोरी. खायला तोंडच न्हाईत.” आत्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, “मग घिऊन जा की समद्या, मलाबी ने.” 

चाची, मला वाटतं निम्म्या विकाव्यात आणि उरलेल्या जगवाव्यात. पहिल्या वर्षात विकायच्या नाहीत असं साहेबांनी सांगितलंय. पण अशाच राहिल्या तर मरतील. काय करू ते कळवा.

निकिता

•

सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

प्यारी निकिता,

विकू अजिबात नको. त्यात साजिद अडकेल. आणि एकदा विकलेली शेळी पुन्हा दारात येत नाही.

तू एवढी घाबरलीस की समोरची गोष्ट तुला दिसली नाही. निम्म्या शेळ्या मथुराबाईंना अर्धलीनं दे. आपल्याकडं हे काही नवीन आहे का? शेळी तुझीच राहते, ती राखणार. होणाऱ्या पिल्लांतली निम्मी तिची, निम्मी तुझी. माझी अम्मी विधवा झाली तेव्हा गावातल्या एका पाटलीणबाईनं तिला दोन शेळ्या अशाच दिल्या होत्या. ना कागद, ना साक्षीदार. दोघींनी एकमेकींच्या हातावर हळदीचं बोट लावलं आणि झालं. त्या पिल्लांवर मी अध्यापक विद्यालयापर्यंत शिकले.

तिला जामीन मिळाला नाही म्हणालीस ना? मग तुझ्यामुळं तिचंही दार उघडेल. सरकारला तरी याहून वेगळं काय पाहिजे असणार!

बिनधास्त दे. अल्लाह बरकत देईल.

फरिदाचाची

•

येडशी,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय चाची,

तुमचं ऐकलं ते फार बरं झालं.

सहा शेळ्या मथुराबाईंकडं दिल्या. त्यांनी वस्तीवर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलंय. मागच्या आठवड्यात जाऊन आले. गाभण चारही व्याल्या, दोघींना जुळी. शेळ्या अशा तुकतुकीत झाल्यात की मला माझ्याच ओळखू येईनात. मथुराबाई सगळ्यांना नावानं हाक मारतात, आणि त्या येतातसुद्धा. मी म्हटलं, “मावशी, माझ्याकडं तर त्यांना नंबर होते.” तर म्हणाल्या, “नंबरानं हाक मारल्यावर कोण यील गं? तू तरी येतीस का?”

त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या दुधाचा चहा मला पाजला. हप्ते वेळेवर जातात. इथल्या चार शेळ्या आणि बोकड मी झाडपाल्यावर सांभाळते. आत्याबाई काठी धरून उठायला लागल्यात. पुढच्या वर्षीच्या बकरी ईदला माझ्या वाट्याचे दोन बोकड तयार होतील, दोन-तीन हप्ते एकदम निघतील.

चाची, पुष्कळ दिवसांनी मला रात्री झोप लागते.

निकिता

•

येडशी,
१९ मार्च २०२५

आदरणीय चाची,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. वाईट झालं.

सोमवारी महामंडळाची तपासणी आली. उमाशंकर साहेब होते आणि संभाजीनगरहून आलेले एक मोठे साहेब. त्यांनी शेळ्या मोजल्या, कानातले बिल्ले पाहिले. बाकीच्या कुठं आहेत विचारलं. मी खरं तेच सांगितलं, अर्धलीनं दिल्यात. मोठे साहेब म्हणाले, “अर्धल म्हणजे काय?” मी समजावलं. ते ऐकून उमाशंकर साहेबांकडं वळून म्हणाले, “म्हणजे मालमत्ता दुसऱ्याला दिली. लिहा, परस्पर हस्तांतरण.” मी म्हटलं, साहेब, शेळ्या माझ्याच आहेत, आत्ता गाडी करा, दाखवते. ते म्हणाले, “आम्ही कर्ज तुम्हाला दिलं. गावाला वाटायला दिलं नव्हतं.”

आता सवलत रद्द आणि सगळं कर्ज एकदम भरायचं, नाहीतर जामीनदाराच्या पगारातून कपात. त्याच संध्याकाळी उमाशंकर साहेब एकटे परत आले. म्हणाले, “शेळ्या आता आणून बांधल्या तरी उपयोग नाही ताई, विकून परत आणल्या म्हणतील. एकच वाट आहे. ठाण्यात तक्रार द्या की राखायला दिल्या होत्या, ती बाई परत देत नाही. मग तुम्ही फसवल्या गेलेल्या ठरता, फाइल वाचते. तिला कोण काय करतंय? एक फोन जाईल आणि शेळ्या दारात येतील.”

चाची, मथुराबाई आजसुद्धा मागितल्या तर हसत देतील. त्यांनी चोरल्या असं मी कसं लिहू?

साजिदभाईंचा फोन आला होता. “शेळ्या विकल्यास ना? खरं सांग.” मी नाही म्हटलं. मग म्हणाले, “अर्धलीचं हे डोकं कुणाचं?” मी म्हटलं, माझंच.

काय करू?

निकिता

•

सोलापूर,
२७ मार्च २०२५

निकिता,

तू माझं नाव घेतलं नाहीस हे साजिदच्या बोलण्यावरून मला समजलं. मीही अजून घेतलेलं नाही. खोटं कशाला बोलू? हिंमत झाली नाही. रोजे संपत आलेत आणि या घरात इफ्तारच्या वेळेला कुणी कुणाशी बोलत नाही. नोटीस साजिदच्या कचेरीत गेली, सगळ्यांदेखत त्याच्या टेबलावर ठेवली. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, पोरीच्या कॉलेजची फी आहे. अलिजा माझ्यासमोर ताट ठेवते आणि निघून जाते. मला ऐकू येत नाही, पण तोंडं वाचता येतात.

मी फार विचार केला. उमाशंकर म्हणतो ते कर.

मथुराबाईंना आधी जाऊन समजाव, की हे नुसतं कागदापुरतं आहे. शेळ्या तुझ्याकडं आल्या, फाइल मिटली, की पुन्हा तिला दे. चांगली बाई आहे, समजून घेईल. गरिबाला गरिबाची अडचण कळते.

हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही, एवढंच लक्षात ठेव. पण दुसरी वाट दिसत नाही. माझ्यासाठी कर.

फरिदाचाची

•

सोलापूर,
८ एप्रिल २०२५

प्यारी निकिता,

तुझं पत्र आलं नाही, पण खबर आली. उमाशंकरनं साजिदला कळवलं की तक्रार नोंदवली आणि पगारकपात तूर्त थांबली. अल्लाहचे लाख शुकर. ईद होऊन गेली होती, तरी अलिजानं काल पुन्हा शीरखुर्मा केला आणि वाटी स्वतः माझ्या हातात दिली.

आता शेळ्या दारात आल्या असतील. पिल्लंही आली असतील. पुढच्या वर्षी बकरी ईदला भाव चांगला येईल, साजिद स्वतः गिऱ्हाईक बघतो म्हणाला. माझी शहाणी पोर. मथुराबाईंना माझाही सलाम सांग. त्या रागावल्या नाहीत ना?

दोन ओळी तरी लिही.

फरिदाचाची

•

येडशी,
२ मे २०२५

आदरणीय चाची,

दोन ओळींत बसत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

मथुराबाईंना आधी समजाव म्हणाला होतात. मी एसटीत बसून वाशीपर्यंत गेले. स्टँडवर उतरले. तिथून वस्तीवर गेलेच नाही. बाकावर बसले आणि परतीच्या गाडीनं आले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. उमाशंकर साहेबांनी मजकूर सांगितला, मी सही केली.

एक फोन गेला नाही. पोलिसांची गाडी गेली, मागं टेम्पो. मथुराबाईंना वाटलं, टेम्पो मी पाठवलाय. त्यांनी स्वतः शेळ्या सोडून एकेक आत चढवली, वाटेत खायला म्हणून कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. सगळं झाल्यावर हवालदारानं त्यांना सांगितलं की तुम्हीपण बसा, तुमच्यावर चोरीची तक्रार आहे. हे मला त्या हवालदारानंच सांगितलं, हसत. “अशी चोर पहिल्यांदाच बघितली, मुद्देमालाला शिदोरी देणारी.”

त्यांना संध्याकाळी सोडलं. पण केस आहे, तारखा आहेत. आणि शेळ्या माझ्या दारात आल्याच नाहीत, चाची. त्या मुद्देमाल झाल्या. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कुणालाच मिळत नाहीत. ठाण्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये बांधल्यात. उन्हानं पत्रा तापतो. खायला कोण घालणार विचारलं, तर म्हणाले, “सरकार शेळ्यांना डबा देत नाही ताई. तुमच्याच आहेत ना, आणा तुम्हीच.”

शेडमधली दोन पिल्लं गेली. एक माझ्या वाट्याचं आणि एक त्यांच्या, असं म्हणता येईल. कुठलं कुणाचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

परवा महामंडळाचा माणूस पुन्हा तपासणीला येऊन गेला. गोठ्यात चारच शेळ्या दिसल्या. मी म्हटलं, बाकीच्या पोलिसांकडं आहेत. त्यानं लिहिलं, जागेवर आढळल्या नाहीत.

निकिता

•

सोलापूर,
१२ मे २०२५

निकिता,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. मी काय सुचवलं आणि काय झालं.

तरीही हात जोडून सांगते, आता मागं फिरू नकोस. तू तक्रार खोटी म्हणालीस तर उलट तुझ्यावरच गुन्हा येईल, फाइल कायमची बंद होईल आणि साजिदचा पगार कापला जाईल. वकिलाला विचारलंय. कोर्ट शेळ्या तक्रारदारालाच देतं म्हणाला, थोडा वेळ लागतो. मथुराबाईंना दंड झाला तर मी माझ्या पेन्शनमधून भरीन. कुणाला न सांगता भरीन.

थोडी कळ काढ, बेटा.

फरिदाचाची

•

येडशी,
२९ मे २०२५

आदरणीय चाची,

तुमचं पत्र पोचलं होतं. त्यात लिहिलंत तसं मी केलं नाही, म्हणून आधी माफी मागते.

मी रोज सकाळी आत्याबाईंचं आवरून पाला घेऊन एसटीनं ठाण्यामागं जायची. एक दिवस गेले तर शेडजवळ मथुराबाई बसलेल्या. डोक्यावरचा बाभळीच्या शेंगांचा भारा खाली ठेवलेला. वाशीवरून एसटीनं आणला होता, कंडक्टरनं भाऱ्याचंही तिकीट घेतलं म्हणाल्या. हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, शेळीशी बोलत होत्या. मी लांब उभी राहिले. हवालदार दोघींकडं बघून म्हणाला, “आता फिर्यादी आधी घालणार का आरोपी?” आणि स्वतःच हसला.

असे तीन-चार दिवस गेले. त्या एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. मग एके दिवशी मी लिंबाचा पाला टाकला आणि त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “त्या भुरीला लिंब घालू नकोस. पोट फुगतंय तिचं.” मी पाला उचलून घेतला. मग म्हणाल्या, “एक सांग. म्या न्हाय म्हणलं असतं का गं? तू येऊन म्हणली असतीस, मावशी, शेळ्या दे, तर म्या न्हाय म्हणलं असतं?”

मी म्हटलं, नाही.

“मग चोर कशापायी लिवलंस?”

माझ्याकडं जी कारणं होती ती सगळी मला पाठ होती. साजिदभाईंचा पगार, फाइल, साहेब. मी भुरीपुढचा उरलेला पाला वेचत राहिले. त्यांना रडूही आलं नाही. त्या म्हणाल्या, “वस्तीवर पोरं मला बघून आपापली कोंबडी घरात घेत्यात. चेष्टा करत्यात, मला कळतंय. पण घेत्यात.”

मी तशीच उठून ठाण्यात गेले आणि सांगितलं, तक्रार खोटी आहे, शेळ्या मी माझ्या हातानं अर्धलीनं दिल्या. हवालदार म्हणाला, “ताई, घरी जा, पाणी प्या.” मी गेले नाही. फौजदार आले, त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्यावर गुन्हा लिहू मग?” मी म्हटलं, लिहा, पण त्यांचं नाव काढा. नाव असं काढता येत नाही म्हणाले, ते कोर्टच काढेल. माझा जबाब मात्र घेतला. उमाशंकर साहेबांनी त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. काल महामंडळाचं पत्र आलं. सवलत रद्द, कर्ज पूर्ण वसूल होणार. गोठ्यातल्या चार शेळ्या आणि बोकड बँक लिलावात काढणार आहे.

पुढच्या महिन्यापासून साजिदभाईंच्या पगाराला कात्री लागेल. मी एका मंगल कार्यालयात भांडी घासायचं काम धरलंय. मिळेल त्यातलं त्यांना पाठवत जाईन. ते पुरणार नाही हे मलाही माहीत आहे. तुमच्या घरात तुमच्याशी पुन्हा कुणी बोलणार नाही, त्याला कारण मी. तुमचं नाव मी अजून कुणाजवळ घेतलं नाही आणि घेणार नाही. सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढंच मागणं आहे. निकितानं शेळ्या विकून खाल्ल्या, असं त्या घरात कुणी म्हणालं, तर तुम्ही ते ऐकू आलं नाही असं करू नका.

शेडमधल्या शेळ्या अजून आहेत. तारीख ऑगस्टची मिळाली. मथुराबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण रोजचं दोघींचं एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून आम्ही पाळी लावून घेतली आहे. एक दिवस त्या, एक दिवस मी. भुरी परत गाभण आहे. तिची पिल्लं कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

उद्या पाळी माझी आहे.

निकिता